राहिलो म्हणजे काय राहिलं?

माहूर

आदरणीय लुंबिनीताईस धाकट्या आनंदराजचा सप्रेम जयभीम. भावजींनाही सांग. आईचा गुडघा होता तसाच आहे, तुझ्या कंबरेचं काय ते कळव. (माझं डोकं दुखतंय, पण का ते विचारू नको, पुढे येतंच आहे.)

तर ताई, आमचा तुरीचा प्रकल्प बंद पडणार. तुला माहीत आहे, मर रोग लागला की उभं झाड वाळतं. त्याला दाद न देणारं वाण शोधायचं म्हणून आपलं सरकार आणि नेदरलँडचं सरकार मिळून पैसा घालतात. तिकडचं विद्यापीठ, इकडं मी, आणि मधे कस्तुराबाईंचं शेत. यंदा पहिल्यांदा त्या शेतातली एक ओळ हिरवीगार उभी आहे, आजूबाजूची सगळी वाळली तरी. आता शेंगा भरायच्या, बी धरायचं, आणि नेमका आत्ताच हुकूम आला की महिनाअखेर काम थांबवा. कारण काय, तर आमची कामगिरी मोजली गेली आणि आम्ही नापास झालो.

मोजायला पुण्याहून एक साहेब आले होते. दोन देशांमधलं सहकार्य मोजायचं असतं म्हणे. बैठका किती झाल्या, निबंध किती छापले, पाहुणे किती आले-गेले, सगळ्याला गुण. हिरव्या ओळीला रकाना नव्हता. मी म्हटलं शेतात चला, तर बुटांना चिखल लागेल म्हणून साहेब बांधावरच थांबले आणि शेतकऱ्यांना तिथं बोलावून घेतलं. (चिखल आमच्या बुटांनाही लागतो, पण आम्हाला गुण देणारं कुणी नाही.) सध्या काय काम चालू आहे, असा त्यांचा प्रश्न. कस्तुराबाई म्हणाल्या, "निंदून राहिले." ग्यानोबा म्हणाला, "मेलेली झाडं उपटून राहिलो." मारोतीनं तर छाती काढून सांगितलं, "समदं मोजून राहिलो, साहेब." साहेबांनी मान डोलावली आणि अहवालात लिहिलं: निंदणी राहिली, उपटणी राहिली, मोजणी राहिली. खाली शेरा, की सर्व कामे अपूर्ण असल्याचे लाभार्थी स्वतःच कबूल करतात.

ताई, माझं टाळकंच सरकलं. अख्खं माहूर जन्मापासून जेवून राहिलंय, झोपून राहिलंय, लेकरं वाढवून राहिलंय, आणि या माणसाच्या लेखी आमचं जेवण, झोप, लेकरं सगळंच राहून गेलं. फोन करून मी समजावलं की राहिलो म्हणजे चालू आहे. ते थंडपणे म्हणाले, प्रमाण मराठीत तसा अर्थ नाही. वर गंमत बघ. तिकडच्या सरकारनं त्यांच्या विद्यापीठाकडून इथं आलेल्या मारिकेबाईंची कामगिरी वेगळी मोजली. त्याच शेतातली, त्याच ओळीची. ती बाई इथं राहून आपल्यासारखंच बोलायला शिकली ("मी भाकर खाऊन राहिले" म्हणते आणि खरंच खात असते). तिनं आपल्या अहवालात इंग्रजीत लिहिलं की काम जोरात चालू आहे, आणि तिला शाबासकी मिळाली. म्हणजे एकाच सहकार्यातला परदेशी अर्धा उत्तम आणि आमचा अर्धा निकम्मा. हा कसला तराजू आहे? मला इतका संताप आलाय की शेतात वाळलेलं झाड दिसलं तरी त्या साहेबांचं तोंड आठवतं.

मी वर अर्ज केलाय. व्हायचं ते होईल. मी कुणापुढे हात पसरणार नाही आणि तुलाही काही मागत नाही. फक्त मन मोकळं केलं.

तुझा,
आनंदराज

ता.क. : तुझ्या पुण्याच्या कॉलेजच्या कागदावर दोन ओळी हव्या आहेत. 'करून राहिलो' म्हणजे काम चालू आहे, असं मराठीच्या प्राध्यापिकेनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं तर वरचे लोक फेरविचार करतील. लगेच पाठव, शेंगा कुणासाठी थांबत नाहीत.

आणखी एक ता.क. : त्यांची एक अट आहे. लिहून देणारी व्यक्ती अशी भाषा बोलणाऱ्यांतली नसावी, म्हणजे पक्षपात होत नाही. तेव्हा तू माहूरची आहेस हे कुठंही येऊ देऊ नको, माझी बहीण आहेस हेही नको. तुला हे लिहायला जड जाईल, असं मी आईला म्हणालो. ती म्हणाली, "देईल लिहून. पुण्यात इतके वर्सं 'मी माहूरची नाही' हेच तर सांगून राहिली ती."