दिव्याखालची शेवंती

समस्त पिकांचे आणि फुलझाडांचे जाणकार, माहिती केंद्राचे भूषण, आमचे धाकटे बंधुराज यांस,

थोरल्या बहिणीचे दात-ओठ खाऊन आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, त्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझी कंबर कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांना वाफ्यात वाकायला सांगणाऱ्या माणसाची कंबर दुखते कशी, हे मला कोडंच आहे, पण औषध वेळेवर घे. तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद सांग. तुझ्या वाट्याचे उरले तर तेही तिलाच दे.

आता मुद्द्यावर येते. तू मागच्या खेपेला आलास, चहा प्यायलास, बाबांना अंधारात शेवंतीच्या शेडपर्यंत जाता येत नाही म्हणून हळहळलास आणि शेडच्या दारावर तो मोठा दिवा ठोकून गेलास. (शिडी मी धरली होती. तू खिळ्यावर कमी आणि भिंतीवर जास्त हातोडी मारलीस, ते पोपडे अजून पडताहेत.) आई गेल्यापासून बाबा सूर्य मावळला की घरातून हलत नव्हते. दिवा लागला आणि ते रोज जेवून खुर्ची घेऊन शेडमध्ये बसायला लागले. दिव्याकडे पाठ, हातात वर्तमानपत्र, समोर त्यांची शेवंती. दिवा मालवून आत येईपर्यंत माझी एक झोप झालेली असायची. मला बरं वाटलं. मी चारचौघींत तुझं कौतुकसुद्धा केलं, ते आता या पत्राने परत घेतेय.

कारण शेवंतीला रात्र लागते, बंधुराज. रात्र मोठी झाली, काळोख पुरेसा मिळाला, की ती कळी धरते. उजेड दिसला की तिला वाटतं अजून दिवस आहे, आणि ती नुसती पानं वाढवत बसते. हे तुला मी सांगायचं? तुझ्याच केंद्राच्या बागायतदारांसाठीच्या पुस्तिकेत हे ठळक अक्षरात छापलंय आणि खाली तुझा फोटो आहे, टाय लावलेला. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. तू तेवढाही ठेवला नाहीस.

फुलांचं प्रदर्शन जवळ आलं तरी कुंड्या हिरव्यागार. बाबांची ती पिवळी, मध्ये तांबूस झाक असलेली शेवंती, जी त्यांनी इतकी वर्षं निवडून निवडून तयार केली आणि जिला दरवर्षी प्रदर्शनाच्या दारातलंच टेबल मिळतं, तिच्यावर मोजक्या कुंड्या सोडल्या तर कळीचं नाव नाही. पाणी बदललं, माती बदलली, खताचा ब्रँड बदलला. बाबा रोज एकेक शेंडा चाचपून बघायचे आणि हात धुवायचे. शेवटी मी तुझ्या केंद्राला फोन लावला. पिकांसाठी एक दाबा, शोभेच्या झाडांसाठी दोन दाबा, असं तुझाच आवाज म्हणाला. मी दोन दाबलं. मग तुझाच आवाज म्हणाला, आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्यानंतर इतका वेळ सनई वाजली की मी फोन खांद्याला लावून दोन वाफे निंदले. अखेर कुणी बाई बोलल्या, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि माहितीपत्रक पाठवलं. बटाट्याचं. त्यात लिहिलंय, फुलं दिसताच खुडून टाकावीत. अरे, आधी दिसू तर देत!

पाठोपाठ तुझे ते चष्मेवाले सहकारी आले. शेडमध्ये बुटांनी शिरले, माती हुंगली, मातीत पालाश खत कमी पडलंय म्हणाले आणि उजेड फार छान ठेवलाय असं सर्टिफिकेट देऊन गेले.

प्रदर्शनाच्या सकाळी टेम्पोत भरायला कुंड्या बाहेर काढायला लागले, तेव्हा मला दिसलं. सगळ्या शेडमध्ये फक्त खुर्चीसमोरच्या कुंड्या फुलल्या होत्या. खुर्चीपाशी अरुंद, पुढे रुंद होत गेलेला पिवळा पट्टा, अगदी खांदे आणि डोक्यासकट. बाबांची सावली जेवढ्यावर पडायची, तेवढीच शेवंती फुलली होती. मी तिथेच उपड्या कुंडीवर बसले आणि तुला मनात येतील तितक्या शिव्या दिल्या. रडलेसुद्धा, पण ते तुला सांगायचं कारण नाही.

तेवढ्या कुंड्यांनी टेबल भरेना, म्हणून बाबांनी एकही नेऊ दिली नाही; टेबल रिकामं राहिलं. बाबा आयोजकांना म्हणाले, माझा हात गेला आता. घरी आल्यावर म्हणाले, रविवारी नर्सरीवाल्याला बोलव, ज्यांच्यापासून दरवर्षी नवी रोपं करतो ती मातृरोपं घेऊन जाऊ दे, आपण शेडमध्ये कोबी लावू. कोबी! या माणसाने कोबी कधी पानातसुद्धा घेतलेला नाही.

असो. तुला फक्त शिव्या घालाव्यात एवढ्यासाठीच हे पत्र. मला तुझ्याकडून काहीएक नको. तुझं केंद्र, तुझी सनई आणि तुझा बटाटा तुलाच लखलाभ.

तुझी,
ताई

ता. क. शनिवारपर्यंत ये. दिव्यामुळे हे झालं असं मी बाबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, तुला लहानपणापासून त्याचं काही चांगलं बघवत नाही. तेव्हा तुझ्या तोंडाने सांग. त्यांचा हात गेलेला नाही, दिवा चुकला, असं स्पष्ट म्हण. रविवारी रोपं गेली की पुन्हा मिळायची नाहीत, ती दुसरीकडे कुठेच नाहीत.

आणखी ता. क. येताना जाड काळं कापड आण. संध्याकाळी कुंड्यांवर ओढायला लागेल. एका टोकाला मी आहे, दुसरं टोक तू निदान दोन दिवस धर, कंबर मोडली तरी चालेल. दिवा मात्र काढायचा नाही. बाबा पुन्हा घरात बसून राहिले तर मी तुला सोडणार नाही.

शेवटचं ता. क. बाबा मागे येऊन उभे आहेत. कुणाला लिहितेस म्हणाले. माहिती केंद्राला, म्हटलं. तर म्हणतात, त्यांना कशाला विचारतेस, आपल्या पोराला विचार, त्याला झाडांतलं सगळं कळतं. आणि त्याला लिहिशील तेव्हा दिवा उत्तम चाललाय असं लिही.

दिवा उत्तम चाललाय.