चढावरचा पहिला गियर

आबा,

"पहिल्या गियरवर जबरदस्ती करू नये, त्याची समजूत काढावी," असं तुम्ही मला मांडीवर बसवून सांगायचात. आज विटांनी भरलेला आपला म्हातारा ट्रक चढावर धापा टाकू लागला, तेव्हा तेच कानात घुमलं. क्लच दाबून न्यूट्रल केला, क्लच सोडून रेस दिली, पुन्हा क्लच दाबला आणि चालत्या गाडीत पहिला पडला, हूं की चूं न करता. वर पोचल्यावर मागून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने विचारलं, "पोरी, शिकवलं कोणी?" म्हटलं, "बापाने."

दुसऱ्या खेपेला निघालेय. गुडघा शेकून घ्या. आज धीर आलाय म्हणून सांगते: ज्या तुटलेल्या गियरपायी तुम्ही वर्षभर दादाशी बोलला नाहीत, तो माझ्या हातून तुटला होता.