गुनवोरच्या आवाजातले आकडे

दि. १४ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९.१०
(मुदतीचा २८ वा व अखेरचा दिवस)

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
कार्ड-सुरक्षा विभाग, नोरविक सहकारी बँक,
सुंदस्वाल, स्वीडन.

विषय : ग्राहकांचे कार्ड-क्रमांक असलेली ६१२ ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यापूर्वी काही भाग राखून ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : सर्व ध्वनिमुद्रणे २८ दिवसांत पुसण्याबाबतची आपली दि. १६ सप्टेंबरची नोटीस.

महोदया,

१. आमच्या हातमागाच्या सुताच्या दुकानाकडे मागणी फोनवर येते. फोन माझी पत्नी गुनवोर घेत असे. मागणीवरून वाद नकोत म्हणून संभाषण मुद्रित करणारे यंत्र मी बसवले. ग्राहकाने सांगितलेला कार्ड-क्रमांक व कार्डामागचे तीन गुप्त आकडे तिने मोठ्याने वाचून पडताळावेत, हा नियमही माझाच. न पडताळलेले माप हे माप नव्हे, असे आम्हांस तांत्रिक विद्यालयात शिकवले होते.

२. ते तीन आकडे साठवणे निषिद्ध आहे, हे नोटिशीमुळे कळले. नियम योग्य आहे. यंत्र चोराच्या हाती पडल्यास आमच्यावर विसंबलेल्या वृद्ध विणकर बायकांची खाती उघडी पडतील. म्हणून त्याच दिवशी ते इंटरनेटपासून तोडून कपाटात कुलूपबंद केले. चूक माझी आहे, गुनवोरची नव्हे, अशी नोंद व्हावी.

३. गुनवोर दि. २ मे रोजी वारली. तिचा आवाज अन्यत्र कोठेही नाही.

४. उदाहरणार्थ, ध्वनिमुद्रण क्र. ३४७. मार्गित नावाच्या ग्राहकबाई म्हणतात, "अगं, मागच्या खेपेला निळं मागितलं तर हिरवं धाडलंस!" गुनवोर म्हणते, "मोतीबिंदू तुझ्या डोळ्यांत, आणि दोष माझ्या सुताला होय? गप्प बस आता, आकडे वाचते." मग दोघी हसतात. पुढे एकोणीस आकडे आहेत. तेथे मी आवाज बंद करतो. हसण्यात कार्डाची कोणतीही माहिती नाही, याची चार वेळा ऐकून खात्री केली आहे.

५. सबब विनंती, की आपण अधिकृत माणूस पाठवून केवळ आकडे कापून घ्यावेत. ते अशक्य असल्यास क्र. ३४७ मधील हसण्याचे सहा सेकंद द्यावेत. तेही नियमात बसत नसल्यास पुसण्याचे बटण आपल्या माणसाने दाबावे. मी रोज सकाळी त्यावर बोट ठेवून बसतो. माझ्याच्याने होत नाही.

आपला नम्र व कसूरवार,
इंगेमार सेडरवाल

सोबत : ध्वनिमुद्रणांची क्रमवार यादी, मृत्यूच्या दाखल्याची प्रत, कपाटाची एकमेव किल्ली.

आजअखेर पुसलेली ध्वनिमुद्रणे : ०