आत माणूस नाही ना?

पिकायुन, मिसिसिपी
१५ ऑक्टोबर १९६७

चि. आल्सिद यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे मी ते आईसमोर मोठ्याने वाचलं, आणि नेहमीप्रमाणे शेंगा सोलत तिने काही ऐकलंच नाही असं दाखवलं. चार वर्षं तिने तुझं नाव घेतलेलं नाही. रॉकेटची इंजिनं पेटवून बघायला सरकारला आपलं बेलफाँट गाव हवं होतं, हे तिला कळतं. पण मोजणीवाल्यांबरोबर खुंट्या ठोकत तिचाच मुलगा अंगणात आला, ते तिच्या गळ्याखाली उतरत नाही. ती तुझी पहिलीच नोकरी होती, असं मी सांगते. ती म्हणते, शेजाऱ्याच्या पोराने खुंटी ठोकली असती तरी गाव गेलंच असतं, मग हाच कशाला पुढे झाला?

आज मात्र नवल घडलं. तुमचं चंद्राचं रॉकेट पहिल्यांदा उडणार, हे वाचलं तेव्हा तिने विचारलं, त्यात माणूस आहे का? मी नाही म्हटलं. तर म्हणाली, त्याला विचारून खात्री कर. 'त्याला' म्हणाली, आल्सिद! मला तर मोठं पातेलं भरून गंबोचा रस्सा करावा आणि गल्लीत वाटावा असं झालं. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, बाबांच्या थडग्याला चुना द्यायला ये. त्या दिवशी सरकारी लोक जुन्या गावाभोवतीच्या कुंपणाचं फाटक उघडतात. तिचं मन थोडं हललंय तोवर ये.

माया आहे तशी राहू दे.
तुझी वीडाताई


टायटसव्हिल, फ्लोरिडा
२३ ऑक्टोबर

ती. ताईस आल्सिदचा सा. न. वि. वि.

आईला सांग, आत कुणीही नाही. जानेवारीत जमिनीवरच यानाला आग लागून आमचे तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर इथे कुणी मोठ्याने हसतसुद्धा नाही. म्हणून आधी रिकामंच पाठवून बघायचं आहे. तिने माझी काळजी केली, एवढ्यावर मी महिनाभर जगेन.

पण येता येणार नाही गं. उड्डाणाची रंगीत तालीम दर वेळी मध्येच थांबत होती, आता सगळं पुन्हा तपासायचं आहे आणि इंधनाच्या झडपा माझ्याकडे आहेत. आमचा साहेब म्हणतो, रजा फक्त मयताला, तीही स्वतःच्या. माझ्या वाटचा चुना तूच दे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा आल्सिद


पिकायुन
३ नोव्हेंबर

चि. आल्सिद यास आशीर्वाद.

हे लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. बाबांच्या थडग्याला चुना देऊन झाला. मी डोक्याच्या बाजूला होते, आई पायाशी जपमाळ घेऊन बसली होती. तिचं पुटपुटणं ऐकू आलं. ते मेलं रॉकेट पडू दे, म्हणत होती. पडलं की त्याला कामावरून काढतील, मग घरी येईल.

मी चिडले. देवापाशी असलं मागणं शोभतं का, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, म्हणून तर आधी विचारून घेतलं ना. रिकामं लोखंड पडलं तर पाप कसलं? आम्ही तर गावभर जिती माणसं होतो, आम्हाला हलवलं तेव्हा कुणाला पाप वाटलं?

मला आधी हसू आलं. मग बादली धुवायच्या निमित्ताने नळाकडे गेले आणि रडले. तिला तू हवा आहेस, एवढंच समज.

तुझी वीडाताई


टायटसव्हिल
६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. ज्याच्यासाठी मी झोपेतही झडपा तपासतो, ते पडावं म्हणून माझी आई माळ ओढते आहे!

तिला एवढं सांग. ते पडलं तर मला कुणी घरी पाठवणार नाही. का पडलं ते शोधत वर्षभर इथेच ठेवतील. उडालं तरच रजा मिळेल.

आणि खरं सांगू? रजा मिळाली तरी दारात पाऊल ठेवायची भीती वाटते. तिने तोंड फिरवलं तर मी कुठे जाऊ?

आठवण असू दे.
आल्सिद


पिकायुन
९ नोव्हेंबर

चि. आल्सिद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. त्यानंतर ती जेवली अर्धवटच. आज सकाळी उड्डाण बघायला टीव्ही लावला तर माळ घेऊन येऊन बसली. आता ही काय मागते आहे, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

खाली आग पेटली आणि ते धूड जागचं हलेचना. तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं. ऊठ मेल्या, म्हणाली. ऊठ. ते उठलं, ढगात गेलं, दिसेनासं झालं, तरी तिचं चालूच. बेलफाँटच्या जमिनीवर तिचं लग्न झालं, आपण जन्मलो, बाबांना पुरलं. ती जमीन गिळणाऱ्यासाठी ती माळ ओढत होती. मला तिच्याकडे बघवेना.

मग टीव्ही बंद करून मला कागद घ्यायला लावला. ती बोलली तसंच लिहिते आहे.

आल्सिद, तुझ्यासाठी मी माझ्या गावाशी बेइमान झाले. आता तू आला नाहीस, तर मी दोन्हीकडून गेले.

लोभ आहेच. बस कोणत्या दिवशी पोचते, ते कळव.
तुझी वीडाताई