टोलेडोत मी पोहे करणार नाही

आई, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही स्पेनला चाललोय. टोलेडो नावाचं जुनं गाव आहे, टेकडीवर वसलेलं, तिन्ही बाजूंनी नदी. चार दिवसांचाच बेत आहे. तू असतीस तर पहिला प्रश्न आला असता, पाणी कसं आहे गं तिथलं, डाळ शिजते का? कुठल्याही गावाची तुझी ओळख पाण्यापासून व्हायची. आग्र्याच्या पाण्याला तू शिव्या घालायचीस आणि म्हैसूरच्या पाण्याचं इतकं कौतुक करायचीस की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई तिथलीच माहेरवाशीण आहे. ताजमहाल कसा आहे असं विचारलं की मात्र माझ्याकडे बोट दाखवायचीस. तू टूरच्या बसबरोबर स्वयंपाकाला जायचीस, हे इथे नेदरलँड्समध्ये, हार्लेमला, माझ्या नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी लपवलं नव्हतं, कधी विषय निघाला नव्हता इतकंच. मागच्या रविवारी तो निघाला, आणि कसा निघाला ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

बाबा गेल्यावर तू पुण्यातल्या त्या यात्रा कंपनीत आचारी म्हणून लागलीस. बाकीचे सगळे आचारी पुरुष, तू एकटी बाई, आणि तरी लोक बुकिंग करताना विचारायचे, त्या बाई आहेत ना याच बसला? शाळा चालू असताना मी मावशीकडे राहायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्याबरोबर, बसच्या मागच्या सीटवर, तांदळाच्या पोत्यांना टेकून. पहाटे सगळ्यांच्या आधी तू उठलेली असायचीस. पदर खोचलेला, केस घट्ट बांधलेले, आणि चप्पल घालून कुणी शेगडीपाशी आलं की, मग तो मॅनेजर का असेना, त्याची खैर नसायची. माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी आजारी पडलेलं नाही, हे तू इतक्या तोऱ्यात सांगायचीस की मला लाज वाटायची. आता तोच तोरा माझ्यात आलाय. ऑफिसात माझ्या टीमचं काम कुणी परत पाठवलं की मी तुझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहते.

चितोडचा दिवस मला अजून तसाच दिसतो. धर्मशाळेच्या मागच्या अंगणात तू शेगड्या मांडल्यायस, मंडळी गड बघायला निघालीयेत, आणि मी तुला मदत म्हणून बटाटे सोलायला बसलेय. पायात तू त्या सुट्टीसाठी मुद्दाम आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. तुझी स्वतःची चप्पल अंगठ्यापाशी शिवलेली. तू येतेस आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतेस. "इथे काय करतेयस? बटाटे सोलायला मी समर्थ आहे. ऊठ, वर जा. नीट बघून ये आणि मला सांग. अर्धवट सांगितलंस तर जेवायला वाढणार नाही, बघ!" मला रडू फुटतं, कारण मला वाटतं तू खरंच रागावलीस. मी रडत रडतच बसमध्ये चढते.

त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने गड बघितला. विजयस्तंभाच्या आतल्या अंधाऱ्या पायऱ्या हाताने चाचपत चढले, कारण तू त्याही विचारणार हे मला माहीत होतं. आणि विचारल्यासच. पायऱ्या झिजल्यात का? वर वारा लागतो का? राणीचा महाल पाण्यात आहे म्हणतात, मग तिला जेवण कुठून जायचं गं? मी सांगत होते, तू कणीक मळत होतीस, आणि मधेच हात थांबवून म्हणायचीस, थांब, परत सांग. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून बसमध्येच बसून राहिलेल्या एका काकूंना तू तो अख्खा गड वाढता वाढता सांगितलास. काकूंचा घास हातातच राहिला. "अहो, किती वेळा पाहिलात तुम्ही?" "मी कुठली बघतेय? माझी लेक बघते, मी ऐकते," असं म्हणून तू माझ्या पानात तूप वाढलंस. त्या एका वाक्यावर मी आजवर चालत आलेय, आई. एनस्खेडेला शिकायला आले तेव्हा विमानात हेच डोक्यात होतं, की नीट बघायचं.

तुझा एक बेत होता. रिटायर झाले की याच बसमधून तिकीट काढून येईन, खिडकीजवळ बसेन, आणि जेवणाला नावं ठेवीन! पोळी वातड आहे म्हणेन, आमटीत मीठ कमी आहे म्हणेन, परत पाठवीन ताट. असं म्हणून तू इतकी हसायचीस की डोळ्यांतून पाणी यायचं. ते व्हायचं नव्हतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतानाच तू गेलीस.

आता रविवारचं सांगते. बेत ठरवायला माझी मैत्रीण आणि तिचा नवरा दुपारी आमच्याकडे यायचे होते. आम्ही दोन्ही कुटुंबं दरवर्षी एकत्रच फिरतो. त्यांच्यासाठी पुऱ्या कराव्यात म्हणून मी कणीक भिजवत होते आणि लेक ओट्याशेजारी स्टुलावर बसून टॅबलेटवर टोलेडोचं वाचून दाखवत होती. दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये. "आई, देअर आर रोलट्रॅपन! इनसाइड द हिल!" म्हणजे सरकते जिने गं, टेकडीच्या पोटातून थेट वर गावात. मी मळता मळता विचारलं, वर काय आहे? चर्च केवढं आहे? गल्ल्या अरुंद आहेत का? मग म्हटलं, थांब, परत वाच. आणि माझे हात कणकेतच थबकले. हे मी कुणाचं बोलतेय? मागच्या वर्षी प्रागला सगळे सकाळी पुलावर फिरायला गेले तेव्हा मी अपार्टमेंटमध्ये पराठे लाटत होते. तो पूल मी त्यांच्या फोनमध्ये पाहिला. कुणी मला कोंडून ठेवलं नव्हतं, मीच हौसेने थांबले होते. मी हात धुतले, कणीक झाकून ठेवली आणि हॉटेलं शोधायला लॅपटॉपसमोर जाऊन बसले.

मंडळी आली. मैत्रीण म्हणाली, "किचनवालं अपार्टमेंटच बघूया हं. सकाळी पोहे, दुपारचे डबे, बाहेरच्या त्या खाण्याने नाकी नऊ येतात. आणि तुझ्या हाताला काय चव आहे!" तिचा नवरा सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला, "आपली टूर कंपनीच आहे, आचाऱ्यासकट!" सगळे हसले. माझा नवराही हसला. त्याला तुझं सगळं माहीत आहे, त्यामुळे हसणं अर्धवट सोडून त्याने एकदम माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "टोलेडोत मी पोहे करणार नाही. डबे नाहीत, पराठे नाहीत. हॉटेल घ्यायचं." मैत्रीण म्हणाली, "अगं, चिडतेस काय? कौतुकच करतोय ना." "चिडले नाही. माझी आई टूर कंपनीची आचारी होती. सगळा हिंदुस्थान फिरली, पण एकही किल्ला पाहिला नाही, कारण सगळे वर जायचे तेव्हा ती खाली त्यांच्यासाठी पोळ्या लाटत असायची. तिच्या हातचं जेवायला लोक बसची तारीख बदलून घ्यायचे. आणि तिने मला बटाट्यांपासून उठवून गड बघायला पाठवलं होतं. चार दिवस स्वयंपाकघरात घालवायला नाही पाठवलं." माझा आवाज चढला होता, पण कापला नाही. तुझ्याबद्दल बोलताना इतकी छाती फुगली होती माझी, की कापायला जागाच नव्हती.

मैत्रिणीचा नवरा कानापर्यंत लाल झाला. "सॉरी गं, खरंच. सकाळचे ब्रेड आणि कॉफी रोज मी आणणार, शब्द आहे माझा." मैत्रीण उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी, वेडी कुठली. आणि लेक! ती स्टुलावरून उडी मारून आली. "आजी वॉज अ शेफ? ऑन अ बस?" म्हटलं, शेफ नव्हे, आचारी. ती तो शब्द दोनतीनदा घोळवून म्हणाली. इथे शाळेत मुलांना वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं. तिचा विषय गेले कित्येक दिवस ठरत नव्हता, मांजर की ज्वालामुखी. आता आचारी आजी ठरलाय. काल तिने मला चितोडचं सांगायला बसवलं, आणि मधेच हात वर करून म्हणाली, थांब, परत सांग. मराठीत म्हणाली गं, आई.

हॉटेल घेतलंय, बिनकिचनचं. माद्रिदपासून पुढे रेल्वे आहे, त्यात माझी जागा खिडकीजवळची, विमानातही खिडकीच. लेक म्हणते मला हवी, तर तिला सांगितलं, येताना. नदीपलीकडून अख्खं गाव दिसतं म्हणतात, तिथे एक सकाळ नुसतं बसायचं ठरवलंय. आणि जेवणाला मी नावं ठेवणार आहे, तुझ्या वाटची. मीठ कमी म्हणेन, ब्रेड वातड म्हणेन, हे माझ्या नवऱ्यालाही बजावून ठेवलंय, म्हणजे तो ऐनवेळी लाजून चूप बस म्हणायचा नाही. फक्त एक तुला सांगते. काल झोपताना लेकीला टॅबलेटवर शोधायला लावून मी एकच स्पॅनिश वाक्य शिकून घेतलं, आत स्वयंपाकघरात जाऊन म्हणायला. जेवण फार छान झालं होतं, एवढंच.