दांडीवरची गादी आन् संदीपचा रॅक

९ नोव्हेंबर, रविवार
संदीपनं परत रॅकचं काढलं. गाडीला लावायची लोखंडी मांडणी, तिच्यावर सायकल न्यायची. लेकाला हापिसातल्या मित्रांसंगं घाटात सायकल चालवायची हाय, म्हंजे घाटापतुर सायकल गाडीत बसून जानार. मी म्हनलं, मग म्हशीला बी रिक्षातनं चरायला न्यावं. हसला न्हाई.
वर म्हनला, "पहिली फेरी बाबांच्या सायकलची. सुमनआत्याला देऊन येऊ. तू शब्द दिलायस."
दिलाय. ह्यांच्या वर्षश्राद्धाला, सगळ्या भावकीपुढं, खीर वाढता वाढता. नणंद भावासाठी रडत हुती. माझ्या तोंडातनं गेलं, दादाची सायकल घिऊन जा वन्सं. रडनाऱ्या मानसापुढं मी कदी तोंड उघडू न्हाई.
द्यायची न्हाई मला. पर आता कुनाला सांगू.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मोबाईलवर तीन रॅक दाखवले. एक डिकीला पट्ट्यांनी बांधायचा. म्हनलं, पट्टा तुटला तर सायकल मागच्या बसखाली. दुसरा टपावरचा. सोसायटीच्या गेटाला वर आडवा दांडा हाय, सायकल तितंच उतरंल. तिसरा गाडीच्या बुडाला. नंबर झाकतोय, पोलीस पावती फाडंल.
"आई, तुला रॅकमधलं एवढं कसं कळतं?"
काय बी कळत न्हाई. नको म्हनायला कुटं शिकाया लागतंय.
मग टेंपो करू म्हनला. म्हनलं, तुझ्या बापाची सायकल, कांद्याच्या पोत्याखाली? त्यानं मोबाईल खिशात घातला. चार दिस तरी निघाले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पार्किंगमदी जाऊन सायकल पुसली. वॉचमन म्हनला, आजी, विकायची का? म्हनलं, तुला विकते, चल.
दांडीवरची गादी अजून घट हाय. तांबडं रेग्झिन, कडंला सुतळीची शिवन. लगीन हून आले तवा ती दांडीवर हुतीच. ह्ये म्हनले, "तुझ्यासाठीच केली." कॅरिअरवर डबा, मी दांडीवर. फॅक्टरी सुटली की कालव्याच्या रस्त्यानं चक्कर. हडपसर तवा गावच हुतं, दोनी अंगाला ऊस. आता तितं बिल्डिंगी, वर बघाया गेलं तर पदर पडतोय.
नवी नवरी दांडीवर म्हनल्यावर लोकं बघायची. ह्ये लाजायचे. म्हनून मी मुद्दाम घंटी वाजवायची.
"समोर कुत्रं बी न्हाई, घंटी कशाला?"
कानापाशीच बोलायचे. रागावले तरी हळूच. तंबाखूचा वास यायचा. मला आवडायचा न्हाई, आन्...

१६ नोव्हेंबर, रविवार
पुलाखालच्या दुकानात रॅक बघाया गेलो. सायकल मागवलीच दुकानदारानं, बसवून बघायला. संदीपनं ढकलत आनली, मी शेजारनं घंटी वाजवत.
दुकानदार चष्म्यावरनं बघून म्हनला, "काकू, ही सायकल आहे का बैलगाडी?" म्हनलं, बैल आमी आनलाय, तुमी गाडीचं बघा. संदीप तांबडालाल.
डिकीच्या रॅकला दोन हात असत्यात, त्ये सायकलीची दांडी धरत्यात. गादीमुळं पकड बसंना. दुकानदारानं ब्लेड काढलं. "ही गादी कापावी लागेल."
मी गादीवर हात ठिवला. उचललाच न्हाई. संदीप म्हनला, आई, फाटकी गादी आहे, आत्या काय करणार तिचं? मी हात उचलला न्हाई.
मग संदीपला फोन आला, तो भाईर गेला. तवा दुकानदार म्हनला, टपावरचा एक रॅक चाकालाच धरतो, दांडीला शिवत नाही. त्ये मी ऐकलं न्हाई.
घरी येऊन भजी तळली. रॅक बसत न्हाई, सायकल जात न्हाई, शब्द बी मोडला न्हाई. संदीपनं चार भजी जादा खाल्ली, कशाची हायेत न इचारता.

१७ नोव्हेंबर, सोमवार
वन्संला फोन केला. रडका आवाज काढून सांगितलं, काय करू, गादीमुळं रॅकच बसत न्हाई.
 
"वैनी, ती गादी अजून हाय?"
हाय म्हनलं.
"दादानं माझ्यासाठी केली हुती. माझ्या पायाला लागलं हुतं, वरीसभर दांडीवरनं शाळंत सोडलं त्यानं."
म्हनलं, न्हाई, माझ्यासाठी केली. ती म्हनली, तू तर नंतर आलीस.
नवरा मेल्यावर बी त्याचं खोटं धरता येतंय. फोटोकडं पाठ करून टीव्ही बघितला. हार बी उद्याच.

२० नोव्हेंबर, गुरुवार
राग गेला. न्हाई, निम्मा गेला. बहिनीची जुनी गादी दाखवून बायकूला खूश केलं, फुकटात. आता असते तर महिनाभर चिडवलं असतं. चहा देताना, न्हाव्याकडं जाताना, पाव्हन्यांसमोर. चिडवायचं तेवढं राहिलं.
वन्संचा परत फोन. सायकल मागितली न्हाई तिनं. "मऊ हाय का गं अजून?" एवढंच इचारलं. आन् म्हनली, सायकल तुझ्याकडंच राहू दे, मला एकदा हात लावून बघू दे.
मागितली असती तर मी आनखी धा रॅकांत खोट काढली असती.
संदीपला सांगितलं, टपावरचा घे, चाकाला धरनारा. गादीला हात लागायला नको.
"आणि गेटचा दांडा?"
"गेटाच्या भाईर चढवू."
लई बघत बसला माझ्याकडं. "तुला हे आधीपासून माहीत होतं?"
म्हनलं, मी गावच्या शाळंतली, मला काय कळतंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी गेटाभाईर सायकल टपावर चढवली. वॉचमननं बी हात लावला, संदीपचा दम निघाला. मी पुढं बसले.
दिवे घाटात ऊन आडवं आलं. गाडीची सावली रस्त्याकडंनं पळत हुती, आन् तिच्यावर सायकलीची. वर कुनी न्हाई. मी सगळा घाट त्येच बघत हुते. संदीप म्हनला, आई, गप्प का? म्हनलं, हळू चालव, मागं दोघं बसलेत.
त्यानं आरशात बघितलं, खुळा.

३० नोव्हेंबर, रविवार
सायकल वन्संच्या दारात हुबी. काल आल्या आल्या तिनं गादीवर हात फिरवला, लेकराच्या डोक्यावरनं फिरवावा तसा. मग डोळे पुसले आन् भांडन काढलं. रेग्झिनच्या आत तिच्या परकराचं कापड हाय म्हनते. ह्यांनी वर नुसतं रेग्झिन चढवलं, माझ्यासाठी नवी केली असं दाखवायला. उसवून बघ म्हनली. मी म्हनलं, बघू की. आत माझ्या नावाचं काय तरी निघंल.
कात्री आनली तिनं.
"तुमी कापा," मी म्हनलं.
"तू काप. नवरा तुझा."
"गादी तुमची म्हनताय न्हवं?"
कात्री कॅरिअरवर पडली हाय, सकाळपसनं. कुनी हात लावत न्हाई.
संदीपला उद्या हापिस हाय. टपावरचा रॅक मोकळा करून, गाडी चालू ठिवून बसलाय. "सायकल ठेवायची का परत चढवायची, एक काहीतरी सांगा दोघी." वन्सं म्हनली, च्या टाकते. मी म्हनलं, आलं किसून घाला, येळ लागू दे.
संदीपनं इंजन बंद केलं.