धामणीचा तिरकमठा

९ जानेवारी
अंगणवाडीत आज छोटी माही हात वर करून उभी राहिली, उचलून घ्या म्हणून. डाव्या हातानं घेतली. उजवा खांद्याच्या वर जातच नाही. वारंगा फाट्याला स्कूटी घसरली त्याला सात महिने झाले. हाड जुळलं, खांदा आखडला तो आखडलाच. डॉक्टर म्हणतात भिंतीवर बोटं चढवा, रोज. कंटाळा येतो. खोटं कशाला लिहू.

११ जाने.
गोठ्याच्या माळ्यावर धामणीच्या झाडाचं खोड दिसलं. आमच्याच बांधावरची, दोन वर्षांमागं वादळात पडलेली. कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी यांनी ठेवलेलं. पाहिलं अन् शाळा आठवली. नववीत तिरंदाजीत जिल्ह्यात दुसरी आले होते. दहावीनंतर ते सुटलं, मग लग्न, मग...
यांना म्हटलं, तिरकमठा करायचा. हसले नाहीत. "रामराव मामाला इचार."

१२ जाने.
रामराव मामा शेजारचे सुतार, बहात्तरीचे. जन्मभर तिफणी अन् वखरं केली. हात थरथरतात म्हणून तीन वर्षं वाकसाला, लाकूड तासायच्या हत्याराला, हात लावलेला नाही.
"तिरकमठा? काहून गं माय, कोणाला मारायचंय?"
"खांद्याला."
हसले. मग म्हणाले, "मला न वाकणारं लाकूड कळतं. वाकणारं कधी केलं न्हाई."
"वाकतो कसा ते मला ठाऊक हाय."
"मग जमंल."

१८ जाने.
खोड पाचर मारून उभं फोडलं, घण यांनी घातला. दोन फाका. एक सरळ, एकीत गाठ. सरळ घेतली.
मामांचा हुकूम: सालीकडची बाजू म्हणजे पाठ, तिला हत्यार लावायचं नाही, फक्त साल सोलायची. काढायचं ते सगळं पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूनं.
वाकस मामांनी दोनदा उचलला, दोनदा ठेवला. मग माझ्या हातात दिला.

२ फेब्रु.
मधे मूठ जाड, दोन्ही बाजूंची पाती टोकाकडं निमुळती. आता फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडणं चालू. अंगणवाडीतून आल्यावर रोज दीड तास. खालचं पातं वाकतं, वरचं नुसता दगड. मामा खाटेवर बसून, "वरच्याचं काढ. तिथं न्हाई. बोटभर खाली. हां, बराबर."
खांदा ठणकतो. पण झोप चांगली लागते.

८ फेब्रु.
मोडला.
माझ्यामुळं. मामा सांगून गेले होते, अजून अठरा इंचाच्या पुढं ओढायचा नाही, रोज इंचभर वाढव. ते जेवायला गेले अन् मी मूठ खुंटीला अडकवून दोरी चोवीसवर नेली. फटाक्यासारखा आवाज. कपाळाला कपची लागली, थोडं रक्त. मामा आले, तुकडे पाहिले, घरी गेले.

१० फेब्रु.
मामा आले नाहीत. कालही नाही. तुकडे चुलीत घालावेत असं आलं मनात. घातले नाहीत.

११ फेब्रु.
सकाळी मीच गेले. चोवीसवर ओढला, मामा, तुमी गेल्यावर.
मामा खाटेवर उठून बसले. "म्हंजे माझं सांगणं चुकलं न्हाई?"
"न्हाई मामा. माझी घाई."
"मला वाटलं हातासारखे डोळे बी गेले. दोन दिस भाकर गोड लागली न्हाई गं माझी." मग एवढ्या जोरात हसले की मामी बाहेर आल्या. "चोवीस! चोवीस म्हनते!"
कपाळाची जखम दुखली नव्हती तेवढं ते दोन दिवसांचं ऐकून लागलं.
दुपारी दुसरी फाक काढली. गाठीची.

२० फेब्रु.
मामा डोळे मिटून अंगठ्यानं चाचपतात अन् सांगतात. गाठीभोवती लाकूड जास्त ठेवलंय. अंगणवाडीतला जुना टांगता काटा, लेकरं तोलायचा, तो दोरीला लावला. वीस इंचाला सोळा किलो! माझ्यानं व्हायचं नाही. अजून खरवड.
"हळूच. जास्त काढलंस तर मी कुठून आणू?"

३ मार्च
चोवीस इंच, अकरा किलो. दोन्ही पाती सारखी वाकून राहिली.
केस विंचरताना लक्षात आलं, फणी उजव्या हातात होती. डोक्याच्या वर. आरशात बघत बसले. कोणाला सांगायचं नाही ठरवलं. मग यांना सांगितलं. "पुन्हा करून दाखव," म्हणाले. दाखवलं.

९ मार्च
पहिला बाण, बांबूच्या कामटीचा. पंधरा पावलांवर भुसकटाचं पोतं. बाण पोत्यावरून शेजारच्या वाळत घातलेल्या हळदीत. पिवळा होऊन परत आला. सातवा लागला पोत्यात.
तिरकमठा मामांना दिला. नको नको म्हणाले, मग अर्धाच ओढून पाहिला. "च्यामायला," म्हणाले, अन् बराच वेळ मूठ सोडली नाही.

१४ मार्च
गाठीशेजारी एक बारीक रेघ दिसली. परवा होती का? आठवत नाही. मामांनी नख फिरवलं. "लाकडाची नस असंल. न्हाईतर चीर. आजच कळायचं न्हाई."
"थांबवू?"
"तुझा खांदा थांबला का?"
पेन्सिलीनं रेघेच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या, वाढली तर कळावी म्हणून. तेल लावलं. वीस बाण मारले, प्रत्येक बाणानंतर वाकून पाहिलं.
रेघ खुणांच्या आतच आहे.